खाणीच्या अटींवर गावाची नजर

(आपल्या कार्याच्या वार्षिक सहभागी मेळाव्यात केलेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



आपल्या पत्रिकेत दर तिमाहीला आपण बालवाडी, आरोग्य शिबिर, शिवणवर्ग यांचे अहवाल वाचता. मागील दोन वर्षांच्या हिशेबात मात्र एक नवीन ओळ आली आहे : "खाण अटी पाठपुरावा : झेरॉक्स, प्रवास, प्रशिक्षण." ही ओळ पाहून काहींनी मला फोन केले. एका बंधूंनी स्पष्टच विचारले, "ताई, आदिवासींच्या सेवेसाठी आम्ही दान देतो, ते झेरॉक्सला कशाला लागते?" दुसरा प्रश्न आला चंद्रपूर भागातील मंडळीतून. "आमच्या मंडळीतली निम्मी कुटुंबं खाणीच्या पगारावर जगतात. तुम्ही खाणीच्या विरोधात काम करता का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज मी त्यांचीच उत्तरे देणार आहे.

आधी आमचा परिसर कसा आहे ते सांगते. वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत, जमिनीखाली कोळसा आहे. वर कापसाची काळी माती आणि तिच्या कडेला सागवान, मोह आणि तेंदूचे जंगल. या पट्ट्यात गोंड आहेत, परधान आहेत आणि कोलाम आहेत. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित मानल्या आहेत, त्या म्हणजे कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची वस्ती लहान असते. यवतमाळकडे तिला पोड म्हणतात, आमच्याकडे गुडा. वीस-पंचवीस घरे, थोडी शेती, शेळ्या, गाई आणि जंगलातले गौण उत्पन्न. अशा एका गुड्यापासून हाकेच्या अंतरावर खुली खाण आहे. तिचे नाव मी इथे घेणार नाही. कारण मी जे सांगणार आहे, ते एकाच खाणीपुरते नाही.

खुल्या खाणीत कोळशावरची माती आणि दगड आधी काढावा लागतो. त्याला सगळे ओबी म्हणतात. ही ओबी खाणीच्या बाहेर टाकतात, तिचे डोंगर होतात. पुढचा कोळसा निघू लागला की मागच्या रिकाम्या खड्ड्यात ओबी परत भरायची, वर जपून ठेवलेली सुपीक माती पसरायची, गवत आणि झाडे लावायची, हा नियम. दगड फोडला की फुगतो, त्यामुळे सगळी ओबी खड्ड्यात मावत नाही. आणि शेवटच्या टोकाला एक खड्डा उरतोच, त्याचे तळे होते. म्हणजे काम नीट झाले तरी जमीन पूर्वीसारखी होत नाही. नीट झाले नाही, तर मात्र पिढ्यान्पिढ्या कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, त्यासाठीच अटी असतात.

या अटी येतात कुठून? १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी परिणामांचा अभ्यास करावा लागतो आणि जनसुनावणी घ्यावी लागते. सुनावणीची किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. अभ्यासाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी त्यांना साहाय्य करतात. संपूर्ण सुनावणीचे चित्रीकरण होते. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे असते. त्यानंतर दिल्लीत तज्ज्ञ समिती विचार करते आणि मंजुरी मिळाली तर ती अटींसह मिळते. पत्र अनेक पानांचे असते आणि इंग्रजीत असते.

आमच्या भागातील अशा एका सुनावणीला मी हजर होते. मंडप मोठा होता, खुर्च्या भरपूर होत्या, पाण्याच्या बाटल्याही होत्या. पुढच्या रांगांत मराठी बोलणारे, मागे उन्हात कोलामी बोलणारे. नोकरी, मोबदला, रस्ता यांवर बरीच भाषणे झाली. शेवटी गुड्यातली एक म्हातारी उठली. तिला माईक कसा धरायचा ते ठाऊक नव्हते. तिने कोलामीत दोनच वाक्ये सांगितली आणि तिच्या नातवाने ती मराठीत सांगितली : "खाण तीस वर्षं चालेल म्हणता. तितकी वर्षं आमच्या गाई कुठं चरतील?" काही लोक हसले. अधिकाऱ्यांनी मात्र तो प्रश्न लिहून घेतला. आम्ही तोच प्रश्न त्याच दिवशी लेखी दिला आणि पोच घेतली.

ही पोच फार महत्त्वाची आहे. कोळसा खाणींच्या मंजुरीपत्रांत एक नेहमीची अट असते, की ज्या ग्रामपंचायतीने किंवा स्थानिक संस्थेने लेखी सूचना दिली असेल, तिला मंजुरीपत्राची प्रत पाठवावी. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. लेखी दिलेल्याला पत्र येते. आम्हालाही आले. त्यात पुनर्भरण केलेल्या जमिनीवर गवत आणि चाऱ्याची लागवड करण्याचा उल्लेख होता.

गवताबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज'च्या प्रकरणात आदेश दिला, की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, झाडेझुडपे आणि वन्यजीव यांच्या वाढीस योग्य करावी, ही अट प्रत्येक खाणपट्ट्यात, पर्यावरण मंजुरीत आणि खाण आराखड्यात घालावी. त्याच महिन्यात पर्यावरण मंत्रालयाने तसे पत्रक काढले. मी हे गुड्यात समजावून सांगितले तेव्हा ती म्हातारी म्हणाली, "मग मी वेडं विचारलं नव्हतं."

नाही, तिने वेडे विचारले नव्हते. देशातील सर्वांत मोठ्या न्यायालयाला जी काळजी वाटली, तीच तिला वाटली होती.

आता झेरॉक्सकडे येते. मंजुरी मिळाल्यावर कंपनीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे, तो कोणीही मागू शकतो. १ जून म्हणजे मृगाच्या तोंडावर, गुड्यात बियाण्यांची जुळवाजुळव चाललेली असते. १ डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी. दोन्ही वेळा लोकांना डोके वर काढायला सवड नसते. म्हणून अहवाल मिळवणे, त्याच्या प्रती काढणे आणि अटीमागून अट मराठीत उतरवणे, हे काम आपल्या कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले.

पहिला अहवाल वाचला तेव्हा एक गंमत लक्षात आली. डाव्या रकान्यात अट, उजव्या रकान्यात उत्तर. आणि पानामागून पान उत्तर एकच : "पालन केले जात आहे." ओबीचा उतार? पालन केले जात आहे. पाण्याची तपासणी? पालन केले जात आहे. झाडे? पालन केले जात आहे. पुढच्या सहामाहीच्या अहवालातही तेच शब्द.

गावाने ठरवले की आपण भांडायचे नाही, मोजायचे. मोजायला फार मोठे शिक्षण लागत नाही. दोन-तीन उदाहरणे देते, म्हणजे आपले दान कुठे जाते ते कळेल.

अशा पत्रांत झाडांची अट बहुधा हेक्टरी सुमारे २,५०० रोपे अशी असते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे दर चार चौरस मीटरला एक रोप. आम्ही दहा मीटरची दोरी घेतली, परवानगी घेऊन जुन्या ढिगाऱ्याच्या सपाट भागावर चौकोन आखला. अशा चौकोनात पंचवीस झाडे हवीत. आठवी शिकलेल्या मुलीही हे गणित करतात. जिवंत झाडे निम्मीसुद्धा भरली नाहीत, आणि जी होती ती बहुतेक एकाच जातीची, लवकर वाढणारी. अटीत स्थानिक जाती लिहिल्या होत्या. मोह नाही, आवळा नाही, चार नाही, बिबा नाही. गुड्याच्या दृष्टीने जंगल म्हणजे ज्यातून काहीतरी घरी येते ते. नुसती हिरवी रांग म्हणजे जंगल नव्हे.

ओबीच्या ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, ही नेहमीची अट. म्हणजे दहा मीटर आडवे अंतर असेल तर चढ साधारण सव्वापाच मीटर. ढिगाऱ्यावर कोणीही चढायचे नाही, अशी सक्त ताकीद आम्ही देतो, कारण माती घसरते. शाळेच्या कंपास पेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला खडा. लांब उभे राहून उताराच्या रेषेत तो धरला की अंदाज येतो. अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. पण अंदाज आला की अधिकाऱ्यांना मोजणीसाठी बोलवता येते.

तिसरे पाणी. खाण विहिरींपेक्षा खोल जाते, म्हणून आजूबाजूच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजावी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत, आणि पातळी खाली गेली तर कंपनीने पर्यायी पाणी द्यावे, अशीही अट असते. गुड्यातील बचत गटाच्या बायकांनी एक दोर केला, त्याला दर मीटरला गाठ मारली. त्याच चार महिन्यांत त्या विहिरीत दोर सोडतात आणि वहीत तारीख, गाठी आणि अंगठा किंवा सही करतात. ही वही आज आपल्या कार्याची सर्वांत मौल्यवान वही आहे, असे मी म्हणेन.

या वहीने काय झाले? मे महिन्यात दोन विहिरी कोरड्या पडल्या. मागच्या वर्षी त्याच महिन्यात त्यांत किती गाठी पाणी होते, ते वहीत होते. ग्रामसभेचा ठराव, वहीच्या प्रती आणि मंजुरीपत्रातील अटीचा क्रमांक, असे तीन कागद खाणीच्या कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळात दिले. पंधरा दिवसांत टँकर सुरू झाला. पावसाळ्याआधी ढिगाऱ्याभोवतीचा पाणी अडवणारा चर साफ झाला, त्यामुळे त्या वर्षी ओबीचा गाळ खालच्या शेतांत उतरला नाही. झाडांच्या बाबतीत पुढील लागवडीत स्थानिक रोपे घेऊ, असे पत्र आले आहे. गवताच्या कुरणाबाबत अजून काहीही झालेले नाही. हे मी लपवत नाही. म्हातारीच्या गाई आजही रस्त्याच्या कडेला चरतात.

आता मोठ्या प्रश्नाकडे. खाण संपल्यावर या सगळ्याची जबाबदारी कोणाची? कोळसा मंत्रालयाने २७ ऑगस्ट २००९ रोजी खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार कंपनीने खाण चालू असतानाच दरवर्षी एका वेगळ्या राखीव खात्यात पैसे भरायचे. त्या वेळचा दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये होता, पुढे तो वाढवला गेला. हे खाते कोळसा नियंत्रकांच्या ताब्यात असते. २०१३ च्या सुधारित तत्त्वांनुसार काम होत जाईल तसा दर पाच वर्षांनी यातील ८० टक्क्यांपर्यंत भाग परत मिळू शकत होता, उरलेला शेवटचे काम नीट झाल्यावर. म्हणजे जमीन सुधारायला पैसा नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. पैसा आधीच बाजूला ठेवलेला असतो. प्रश्न एवढाच, की "काम झाले" असे कोण म्हणणार आणि ते कोण पाहणार? बाहेरून येणारे तपासनीस एक दिवस येतात. गाव तीनशे पासष्ट दिवस तिथेच असते.

आणि जमीन परत कोणाला मिळणार? इथे मला खोटी आशा दाखवायची नाही. सरकारी कोळसा कंपन्यांसाठी बरीच जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतली गेली. त्या कायद्यात मूळ मालकाला जमीन परत देण्याचे बंधन नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने धोरण मंजूर केले, की कोळसा काढून झालेली अशी जमीन कोळसा आणि ऊर्जा क्षेत्राच्या पायाभूत सोयींसाठी वापरता येईल, मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहील. ज्याच्या सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावे होती, त्याच्या नातवाला त्या जमिनीवर पुन्हा नांगर धरता येईलच असे नाही. म्हणूनच चराईचा, पाण्याचा आणि गौण उत्पन्नाचा हक्क मंजुरीच्या वेळीच लिहून घ्यावा लागतो. जंगलजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे ग्रामसभेने आधीच पूर्ण करून घ्यावे लागतात. खाण संपल्यावर मागायला गेलो तर दार बंद असते.

आपल्याला नाबोथाची गोष्ट ठाऊक आहे. अहाब राजाने त्याला दुसरा, अधिक चांगला मळा देऊ केला, पैसेही देऊ केले. व्यवहार म्हणून पाहिले तर देकार वाईट नव्हता. पण नाबोथाच्या लेखी ती वाडवडिलांची वतनजमीन होती, विकायची वस्तू नव्हती. आमच्या भागात मोबदल्याच्या रकमेवर चर्चा होते तेव्हा मला हा अध्याय आठवतो. मोबदला मिळालाच पाहिजे. पण मोबदला दिला म्हणजे जमिनीशी असलेले नाते फिटले, असे होत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. आपण खाणीच्या विरोधात आहोत का? खाण हवी की नको, हे ठरवणे गावाचे आणि ग्रामसभेचे काम आहे. आपली संस्था त्यांच्या वतीने हो किंवा नाही म्हणत नाही. पण ज्या अटींवर मंजुरी दिली, त्या पाळल्या जाव्यात, असे म्हणणे म्हणजे विरोध नव्हे. सरकारने स्वतः लिहिलेले शब्दच आपण वाचून दाखवतो.

आणि खाणीत काम करणाऱ्या माझ्या बंधूंनो, या अटी तुमच्यासुद्धा आहेत. कोळशाचे ट्रक ताडपत्रीने झाकावेत, रस्त्यावर पाणी मारावे, ब्लास्टिंग फक्त दिवसा आणि नियंत्रित करावे, या अटींनी आधी वाचतो तो डंपर चालवणारा आणि त्याच्या क्वार्टरमधली मुले. धूळ गुड्यातल्या छातीत जाते तशीच कॉलनीतल्या छातीत जाते. तुमची नोकरी जावी असे आम्ही कधी प्रार्थनेत मागितले नाही. तुम्ही जे काम करता ते नीट व्हावे, एवढेच मागतो. मला एका निवृत्त ओव्हरमन बंधूंनी खाणीचा नकाशा कसा वाचायचा ते दोन रविवार बसून शिकवले. त्यांच्याइतकी मदत या कामात कुणाची झाली नाही.

पुढच्या काही महिन्यांत या खाणीच्या विस्तारासाठी पुन्हा जनसुनावणी होण्याची शक्यता आहे. गुड्याची उरलेली शेती आणि चराईचा शेवटचा तुकडा त्या नकाशात येतो, असे गावकरी सांगतात. मागच्या वेळी गाव मंडपात मागच्या रांगेत उन्हात बसले होते. या वेळी त्यांच्या हातात दोन वर्षांची विहिरींची वही, झाडांची मोजणी आणि जुन्या अटींची मराठी प्रत असेल. जुन्या मंजुरीतील कुरणाची अट पुरी झाली नाही, तर नवीन जमीन कशाच्या भरवशावर द्यायची, हा प्रश्न ते विचारणार आहेत. तो मराठीत आणि कोलामीत, दोन्ही भाषांत लेखी दिला जाईल. मंजुरी दिली गेली आणि ती अन्यायकारक वाटली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्याहून अधिक नाही. म्हणून पत्र हाती येताच वाचणारे लोक तयार हवेत.

आपल्याकडून मी चार गोष्टी मागते.

पहिली, आपल्या मंडळीत कोणी निवृत्त सर्व्हेअर, मायनिंग सरदार, ओव्हरमन, तलाठी किंवा वकील असतील, तर त्यांची नावे संस्थेच्या कार्यालयात द्या. महिन्यातून एक शनिवार पुरे.

दुसरी, इंग्रजी चांगले असलेल्या तरुण संघातील मुला-मुलींनी मंजुरीपत्रे आणि अहवाल मराठीत आणायला हातभार लावावा. एका अहवालाला चार जण मिळून दोन दिवस लागतात.

तिसरी, कोलामी बोलणाऱ्या दोन कार्यकर्त्यांचे मानधन आपण वर्षभर चालवू शकू का, याचा विचार करा. सुनावणीत मराठी बोलणारा पुष्कळ असतो. कोलामीतून मराठीत प्रामाणिकपणे नेणारा मिळत नाही.

चौथी, १ जून आणि १ डिसेंबर या तारखा आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. त्या आठवड्यात गुड्यासाठी प्रार्थना करा आणि मला एक फोन करा : "ताई, अहवाल आला का? त्यात काय लिहिलंय?" आपण विचाराल या जाणिवेनेसुद्धा आमचे काम वेळेवर होते.

आदिवासींना आपण पुष्कळदा काहीतरी देतो. ब्लँकेट, वह्या, औषधे. तेही लागते. पण जे त्यांना आधीच कायद्याने दिलेले आहे आणि कागदात अडकून पडले आहे, ते त्यांच्या हाती पोहोचवणे, हीसुद्धा सेवाच आहे. तिला झेरॉक्स लागते, एक दोर लागतो आणि कंपास पेटीतला एक कोनमापक लागतो. आपल्या दानातून या तिन्ही वस्तू आल्या आहेत.